नाही म्हणणारा माणूस : नॅथॅनिएल मेकनची ३७ वर्षं

(ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

आज जरा लांब जायचंय. सव्वादोनशे वर्षं मागे, आणि तेही अमेरिकेत. वॉशिंग्टन, जेफरसन, लिंकन हे नेहमीचे चेहरे आज बाजूला ठेवू. आजचा आपला माणूस असा आहे, की त्याच्या नावाचं शहर आहे, किल्ला आहे, कॉलेजच्या नावात तो अर्धा वाटेकरी आहे, पण रस्त्यावरच्या शंभर अमेरिकन लोकांना विचारलंत तर बहुतेकांना तो कोण हे सांगता येणार नाही.

नाव नॅथॅनिएल मेकन. गाव नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या वॉरन काउंटीत. १७९१ साली तो अमेरिकन काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात गेला. तिथे १८१५ पर्यंत होता. मग सिनेटमध्ये गेला आणि १८२८ पर्यंत तिथे बसला. मधे खंड नाही. सलग ३७ वर्षं. तो आला तेव्हा वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होते, आणि तो उठला तेव्हा सहावा राष्ट्राध्यक्ष खुर्चीत होता.

आणि या ३७ वर्षांत त्याने सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर ‘नाही’ म्हटलं. नवीन खर्च? नाही. मोठं आरमार? नाही. सरकारी पैशातून रस्ते, कालवे? नाही, नाही. त्याच्या काळातल्या कुठल्याही दहा सदस्यांची विरोधी मतं एकत्र केली तरी मेकनइतकी होणार नाहीत, असं तेव्हा गमतीने म्हणत.

आता तुम्ही म्हणाल, कटकट्या माणूस दिसतोय. थांबा. आधी त्याची चांगली बाजू नीट सांगतो, कारण ती खरंच चांगली आहे. आणि ती नीट कळली नाही, तर पुढचं जे आहे ते किती अवघड आहे हेही कळणार नाही.

मेकनचा जन्म १७५८चा. वडील लहानपणीच गेले. प्रिन्स्टनला, म्हणजे तेव्हाच्या कॉलेज ऑफ न्यू जर्सीला शिकायला गेला, तेवढ्यात ब्रिटिशांविरुद्धचं युद्ध पेटलं. तो साधा शिपाई म्हणून गेला. अधिकारीपद नको म्हणाला, भरतीचा बक्षीस-भत्ता नको म्हणाला, आणि पुढे पेन्शनही घेतली नाही. छावणीत असतानाच लोकांनी त्याला राज्याच्या सिनेटवर निवडून दिलं.

लग्नाची एक गोष्ट सांगतात, खरीखोटी त्यांनाच माहीत. हॅना प्लमर नावाच्या मुलीवर त्याचं प्रेम, आणि दुसराही एक जण तिच्या मागे. मेकनने त्याला म्हटलं, पत्त्यांवर ठरवू. डाव झाला, मेकन हरला. आणि मग हॅनाकडे वळून म्हणाला, की मी रीतसर हरलोय, पण प्रेम नशिबापेक्षा मोठं, मी तुला सोडत नाही. लग्न त्याच्याशीच झालं. गोष्टीतलं काही असो, हॅना १७९० साली, तरुण वयातच गेली, आणि मेकनने पुन्हा लग्न केलं नाही हे मात्र खरं. पुढच्याच वर्षी तो काँग्रेसमध्ये गेला.

तिथे सदस्यांना तेव्हा अधिवेशनाच्या दिवसाला सहा डॉलर मिळायचे. गाडी-बंगला वगैरे काही नाही. खाणावळीत राहायचं, अधिवेशन संपलं की घोड्यावरून नाहीतर गाडीतून गावी. मेकनचं गावातलं घर छोटं, लाकडी. जागेचं नाव बक स्प्रिंग. आपल्या नातेवाइकांना सरकारी नोकऱ्या लावून देणं हा तेव्हाही धंदा होता, पण मेकनच्या शब्दावर त्याच्या घरातल्या कुणाला पद मिळालं असं कुणी दाखवू शकलं नाही.

जॉर्ज वॉशिंग्टन १७९९च्या डिसेंबरात गेले. वर्षभरात काँग्रेसमध्ये प्रस्ताव आला, की त्यांच्यासाठी भव्य समाधी बांधू. बघा, वॉशिंग्टनच्या समाधीला विरोध करायला काय छाती लागत असेल! मेकन उभा राहिला आणि म्हणाला, छापखान्याचा शोध लागल्यावर स्मारकांची गरज संपली. माणसाचं काम पुस्तकात राहतं. लोकांच्या पैशाने दगड कशाला रचायचे?

१८२४ साली लाफाएत अमेरिकेत आला. हा फ्रेंच सरदार अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढला होता, स्वतःचे पैसे घातले होते, आणि सगळा देश त्याच्या स्वागताला लोटला होता. त्याला दोन लाख डॉलर आणि मोठी जमीन द्यायचा ठराव आला. ‘नाही’ म्हणणारे सिनेटर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यात मेकन. त्याचं म्हणणं असं, की हा माणूस मोठाच, पण आमच्या मुलखातल्यांनीही रक्त सांडलं, पैसे घातले, त्यांना कुणी काय दिलं?

पटो न पटो, हा माणूस कुणाला खूश करण्यासाठी मत देत नव्हता. १७९८ साली सरकारविरुद्ध लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना तुरुंगात टाकायचा कायदा आला, राजद्रोहाचा म्हणा हवं तर, तेव्हाही तो विरोधात उभा राहिला. जेफरसन त्याला ‘शेवटचा रोमन’ म्हणायचे असं सांगतात. जुन्या रोमन प्रजासत्ताकातल्या करड्या, निःस्पृह माणसांची आठवण करून देणारा, अशा अर्थाने.

आता त्याच्या दोन मतांबद्दल सांगतो. माझ्या मते सगळा मेकन या दोन मतांत आहे.

१८०१ ते १८०७ मेकन प्रतिनिधीगृहाचा स्पीकर होता, म्हणजे सभापती. पहिलं मत १८०३च्या डिसेंबरातलं.

मागची गोष्ट अशी. तेव्हा राष्ट्राध्यक्ष निवडताना प्रत्येक निर्वाचकाला दोन मतं असायची, आणि कुठलं मत राष्ट्राध्यक्षासाठी, कुठलं उपराष्ट्राध्यक्षासाठी हे लिहायचंच नाही. पहिला आला तो राष्ट्राध्यक्ष, दुसरा तो उप. १८००च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा अ‍ॅरन बर, दोघांना सारखी ७३ मतं पडली. निर्णय प्रतिनिधीगृहाकडे गेला आणि तिथे मतदानाच्या ३६ फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे जेफरसन निवडून आले. देश अक्षरशः टांगणीला. म्हणून ही पद्धत बदलायला बारावी घटनादुरुस्ती आणली. त्यासाठी दोन तृतीयांश मतं लागणार. मतं मोजली. बाजूने ८३, विरोधात ४२.

करा गणित. एकूण १२५. दोन तृतीयांश म्हणजे ८४ हवीत. एक मत कमी!

सभागृहाचा नियम असा, की स्पीकरने एरवी मत द्यायचं नाही, समसमान झालं तरच. मेकन म्हणाला, मी स्पीकर नंतर, आधी नॉर्थ कॅरोलायनाच्या लोकांचा प्रतिनिधी आहे. मत द्यायचा हक्क मला घटनेने दिलाय, सभागृहाचा नियम तो काढून घेऊ शकत नाही. आणि त्याने ‘हो’ म्हटलं. ८४ विरुद्ध ४२. बरोब्बर दोन तृतीयांश. अमेरिकेत आजही राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांची वेगवेगळी मतं पडतात, ती या दुरुस्तीमुळे. आयुष्यभर ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाचा सगळ्यात टिकाऊ शब्द ‘हो’ निघाला, ही एक गंमत.

दुसरं मत १८०७च्या जानेवारीतलं. यात गंमत नाही.

अमेरिकन घटनेत एक कलम होतं, की आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत काँग्रेसने बंदी घालायची नाही. ती मुदत संपत आली होती, आणि आता बंदी घालायची यावर जवळपास सगळ्यांचं एकमत होतं. अडलं भलत्याच ठिकाणी. समजा, बंदीनंतर कुणी चोरून जहाज आणलं, आणि ते पकडलं. जहाजात दोनशे माणसं आहेत. त्या माणसांचं काय करायचं?

एक मत असं, की चोरटा माल जप्त होतो तसं यांनाही जप्त करा. म्हणजे ती सरकारच्या मालकीची झाली, आणि जप्तीच्या मालाचं सरकार काय करतं? लिलाव. गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा, आणि त्याच कायद्याखाली सरकार माणसं विकणार! मॅसॅच्युसेट्सचा बार्नबस बिडवेल म्हणाला, एवढं तरी लिहा, की या कायद्याच्या आधारे कुणालाही गुलाम म्हणून विकलं जाणार नाही. एका ओळीची दुरुस्ती. मतदान झालं. ६० विरुद्ध ६०.

आता मात्र नियमही स्पीकरलाच मत द्यायला सांगत होता. मेकनने मत दिलं. नाही. दुरुस्ती पडली.

शेवटी जो कायदा झाला, त्यात पकडलेल्या माणसांचं काय करायचं ते ज्या-त्या राज्यावर सोडलं. दक्षिणेतल्या राज्यांनी पुढे अशा माणसांचे लिलाव केलेही.

या चर्चेत मेकन काय म्हणाला होता माहितीये? म्हणाला, माझ्या दृष्टीने हा व्यापाराचा प्रश्न आहे. इथे आंतरराष्ट्रीय कायद्याचा तेवढाच संबंध, जेवढा तुर्कांच्या नाहीतर हिंदूंच्या कायद्याचा. हो, हिंदूंच्या! वॉशिंग्टन शहरात बसून, ‘आपला काडीचाही संबंध नाही’ हे सांगायला त्याला उदाहरण सुचलं ते आपल्याकडचं. पुढे एकदा हा शब्द त्याच्या तोंडी पुन्हा येतो, लक्षात ठेवा.

तर प्रश्न असा पडतो, की हा निःस्पृह, साधा, सरकारी सहा डॉलरवर राहणारा माणूस असा कसा वागला? सोपं उत्तर म्हणजे तो स्वतः गुलामांचा मालक होता. तंबाखूची शेती, आणि ती करायला डझनावारी गुलाम. हंगामात तो त्यांच्याबरोबर स्वतः शेतात राबायचा, याचं त्याच्या मित्रांना फार कौतुक. पण संध्याकाळी एक जण मालक म्हणून घरी जायचा आणि बाकीच्यांना विकता येत होतं, हा फरक त्या कौतुकात कुठे येत नाही. आणि आणखी एक. सहा डॉलरवर राहणं ज्याला परवडतं, त्याचं घर दुसऱ्या कुणाच्या तरी फुकट कष्टांवर चालत असतं. हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं.

पण मला ते सोपं उत्तर पुरेसं वाटत नाही. कारण तेव्हा गुलाम बाळगणारे पुढारी ढीगभर होते, त्यातले कितीतरी जण रस्ते-कालवे-बँका यांच्या बाजूने मत देत होते. मेकन तसं करत नव्हता. का? याचं उत्तर त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

१८१८ साली नॉर्थ कॅरोलायनाचा एक तरुण पुढारी होता, बार्टलेट यान्सी. काँग्रेसने कालवे आणि रस्ते बांधावेत याला त्या काळी जोर चढला होता. शेतकऱ्यांचा माल बाजारात पोचेल, देश जोडला जाईल, कुणाला नको असणार? मेकनने यान्सीला पत्रं लिहिली. त्यातला मुद्दा अगदी सरळ. घटनेत कुठे लिहिलंय की काँग्रेसला कालवे बांधता येतात? कुठेच नाही. मग ‘देशाच्या भल्यासाठी’ असा ओढूनताणून अर्थ काढून जर काँग्रेस कालवे बांधू शकते, तर तोच अर्थ काढून ती गुलामांना मुक्तही करू शकते. उलट ते तर तिला अधिक शोभून दिसेल.

पुन्हा वाचा हे. म्हणजे ऐकत असाल तर थोडं मागे घ्या.

कालव्याला ‘नाही’ म्हणायचं कारण फक्त काटकसर नव्हतं. केंद्र सरकार हात-पाय पसरायला लागलं, की ते हात एक दिवस आपल्या गुलामांपर्यंत पोचतील, ही भीती होती. दुसरे लोक हे मनात ठेवायचे. मेकनने कागदावर लिहिलं. त्याचा प्रामाणिकपणा इथेही तसाच होता, आणि माझ्या डोक्यातून हेच जात नाही. त्याच्या काटकसरीचं, लोकशाहीप्रेमाचं, ‘सरकार लहान ठेवा’ या आग्रहाचं खोटं सोंग नव्हतं. ते सगळं खरं होतं. आणि त्या सगळ्याखाली हेही होतं.

दोनच वर्षांनी, १८२०च्या जानेवारीत, ते उघड्यावर आलं. मिसुरी हे नवं राज्य गुलामगिरीसह घ्यायचं की तिच्याशिवाय, यावरून काँग्रेस पेटली होती. कुणीतरी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं ‘सगळी माणसं समान जन्मतात’ हे वाक्य वाचून दाखवलं. मेकन उठला आणि म्हणाला, हे वाक्य शेवटपर्यंत धरून गेलं तर सगळ्या गुलामांना सोडावं लागेल, नाही का? आणि जाहीरनामा काही घटनेचा भाग नाही. मग उत्तरेकडच्या सदस्यांना आमंत्रण दिलं : या एकदा माझ्या घरी. मी गावी परततो तेव्हा माझ्या गुलामांचे चेहरे कसे खुलतात, कसे हातात हात देतात, ते बघा.

ते चेहरे खुललेले असतीलही. त्यांना काय वाटत होतं ते मात्र त्या सभागृहात कुणी विचारलं नाही, आणि त्यांच्यापैकी कुणाला तिथे उभं राहून बोलायची सोय नव्हती.

मिसुरीच्या भांडणात शेवटी तडजोड झाली : एक रेषा आखली आणि तिच्या उत्तरेच्या मुलखात गुलामगिरी नको असं ठरलं. दक्षिणेतले बहुतेक सिनेटर हो म्हणाले. मेकन तिथेही नाही म्हणाला. रेषा आखायचा हक्क मान्य केला, की उरलं काय?

बाकीचं पटकन सांगतो. तुम्ही अमेरिकन इतिहासाच्या पुस्तकात ‘मेकन्स बिल नंबर टू’ वाचलं असेल, १८१०चं, ब्रिटन-फ्रान्सच्या व्यापाराचं. ते त्याने लिहिलं नव्हतं आणि त्याला ते आवडतही नव्हतं. समितीचा अध्यक्ष म्हणून नाव चिकटलं, ते चिकटलंच. १८२४ साली व्हर्जिनियाच्या २४ निर्वाचकांनी त्याला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी मतं दिली. जॉर्जियातलं मेकन शहर, नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरचा फोर्ट मेकन, व्हर्जिनियातलं रँडॉल्फ-मेकन कॉलेज, ही सगळी त्याच्याच नावाची. स्मारकं नकोत म्हणणाऱ्याचं हे असं झालं.

१८२८च्या नोव्हेंबरात, सत्तर पूर्ण व्हायला महिना राहिलेला असताना, त्याने सिनेटचा राजीनामा दिला. सोबत विद्यापीठाचं विश्वस्तपद आणि गावातलं न्यायदानाचं पदही. डोकं अजून शाबूत आहे तोवरच निघावं, नंतर आपलं डोकं चालत नाही हे आपल्याला कळणारही नाही, असा हिशेब. हे मात्र कुणीही शिकावं असं आहे, नावं मी घेत नाही. तसं त्याचं म्हणणं, की दरवर्षी निवडणूक व्हायला हवी, ती थांबली की जुलूम सुरू. आणि हा स्वतः ३७ वर्षं तिथेच. पण लोकच निवडून देत होते, त्याला तो काय करणार!

१८३५ला राज्याची घटना बदलायला परिषद भरली, आणि शहात्तरीतल्या मेकनला अध्यक्ष केलं. नॉर्थ कॅरोलायनाच्या जुन्या घटनेत होतं, की प्रॉटेस्टंट धर्म न मानणाऱ्याला सरकारी पद नाही. ते काढावं का, यावर वाद. मेकन म्हणाला, माणसाच्या श्रद्धेवर न्यायनिवाडा करायचा अधिकार माणसाला दिला कुणी? आणि मग तो शब्द आला : उद्या एखादा हिंदू आपल्याकडे आला आणि त्या पदाला लायक असला, तर त्याच्या धर्मामुळे त्याला अडवावं असं मला वाटत नाही. १८३५ साली! परिषद एवढी पुढे गेली नाही. तिने ‘प्रॉटेस्टंट’च्या जागी ‘ख्रिस्ती’ केलं आणि थांबली. आणि त्याच परिषदेने, मेकन अध्यक्षाच्या खुर्चीत असताना, राज्यातल्या स्वतंत्र काळ्या माणसांना तोवर असलेला मताचा हक्क थोड्या मतांच्या फरकाने काढून घेतला.

न पाहिलेल्या हिंदूचा हक्क त्याला दिसला. पत्ता सापडतोय का बघा, मला तरी सापडत नाही.

१८३७च्या जूनमध्ये मेकन गेला. डॉक्टरचे आणि शवपेटीचे पैसे त्याने मरण्याआधीच चुकते केले असं सांगतात. थडगं कुठे, तर नापीक टेकाडावर, शेतीला निरुपयोगी जागेत, आणि वर गारगोटीचे दगड रचा, म्हणजे कुणी नांगर घालणार नाही. आजही वॉरन काउंटीत तो दगडांचा ढीग आहे.

आणि आता १८६२. दक्षिणेची राज्यं देशातून फुटली होती, त्यामुळे काँग्रेसमधल्या त्यांच्या जागा रिकाम्या होत्या. मेकनसारखं ‘नाही’ म्हणणारं तिथे फारसं कुणी उरलं नव्हतं. त्या वर्षी १६ एप्रिलला राजधानी वॉशिंग्टनमधल्या गुलामांना मुक्त करणारा कायदा झाला. सुमारे तीन हजार माणसं सुटली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, माणशी सरासरी तीनशे डॉलरपर्यंत. आणि १ जुलैला त्याच काँग्रेसच्या दुसऱ्या कायद्यावर सही झाली, प्रशांत महासागरापर्यंत रेल्वे बांधायच्या. यान्सीला लिहिलेल्या पत्रात मेकनने क्रम फक्त उलटा धरला होता. त्याला वाटलं होतं आधी कालवे होतील, मग मुक्ती. प्रत्यक्षात मुक्ती अडीच महिने आधी आली.

चला, आज इथेच थांबू. भाग आवडला, नाही आवडला, मेकनबद्दल माझं काही पटलं नाही, तर जरूर कळवा. ‘नाही’ म्हणायला इथे मोकळीक आहे. भेटू पुढच्या भागात.